आगीत शिरणाऱ्याचा पगार

मोठी आग लागून गेली की सोलापुरात पुढचे काही आठवडे अग्निशमन दलाविषयी बोलणे चालते आणि मग ते विरून जाते. १८ मे २०२५ रोजी पहाटे अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली. आत अडकलेले आठ जण मृत्युमुखी पडले, त्यांत मालकाचे कुटुंबीयही होते. बचावासाठी आत शिरलेल्या दलाच्या जवानांना इजा झाली आणि आग आटोक्यात आणायला कित्येक तास गेले. अशा घटनेनंतर जी बोलणी होतात त्यांत एक सूचना हमखास असते. महापालिकेकडे पैसा नाही, भरती रखडलेली आहे, मग गावातल्या तरुणांनाच प्रशिक्षण देऊन स्वयंसेवी अग्निशमन पथके का उभारू नयेत? परदेशात अनेक ठिकाणी हे काम स्वयंसेवकच करतात, आणि गणेशोत्सवात किंवा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत जे हजारो तरुण बिनपगारी राबतात त्यांच्या अंगी हे बळ नक्कीच आहे, असे त्यामागचे म्हणणे असते.

ही सूचना सद्‍हेतूने केलेली असते याविषयी मला शंका नाही. तरीही ती जशी मांडली जाते तशी स्वीकारू नये, असे माझे मत आहे. जळत्या इमारतीत शिरण्याचे काम पूर्णवेळ, पगारी आणि कायम सेवेतल्या माणसाचेच असावे. स्वयंसेवकाला त्या कामाच्या आधीचे आणि भोवतालचे काम द्यावे. या दोन कामांची सरमिसळ केली, तर सोलापुरासारख्या शहरात तिच्यातून स्वयंसेवा उभी राहणार नाही, कमी पैशांत राबवून घेण्याची आणखी एक सोय तेवढी निर्माण होईल.

आधी काम काय आहे ते नीट पाहिले पाहिजे, कारण या चर्चेत त्याचाच उल्लेख सर्वांत कमी होतो. आग विझवणे म्हणजे लांबून पाण्याचा फवारा मारणे, अशी आपली समजूत असते. लांबून मारलेल्या पाण्याने शेजारची इमारत वाचते, आतला माणूस वाचत नाही. यंत्रमागाच्या कारखान्यात सुताचे कोन, बीम, तयार टॉवेलांचे गठ्ठे आणि तुळयांवर, ट्यूबलाइटवर, वायरींवर साचलेली कापसाची बारीक धूळ असते. ठिणगी पडली की ही धूळ छताखालून क्षणार्धात आग पसरवते आणि गठ्ठे मात्र वरून विझल्यासारखे दिसत आतून तासन्‌तास धुमसत राहतात. बंद शेडमध्ये प्राणवायू संपत आलेला असताना एखादे दार किंवा शटर घाईने उघडले, तर बाहेरची हवा आत शिरताच साठलेला धूर एकदम पेट घेऊ शकतो. कोणते दार उघडायचे, कोणते बंदच ठेवायचे, छताला भोक कुठे पाडायचे, हे निर्णय तिथे पोहोचल्यापासून एक-दोन मिनिटांत घ्यावे लागतात आणि ते चुकले तर त्यांची किंमत आत गेलेल्या जवानाला मोजावी लागते.

आत जाणाऱ्याच्या पाठीवर श्वसनयंत्र असते. दलात त्याला सगळे बीए सेट म्हणतात. त्याचे वजन साधारण बारा ते पंधरा किलो, शिवाय जाड पोशाख, शिरस्त्राण आणि पाण्याने भरलेला होज, म्हणजे जाड नळी. सिलिंडरमधली हवा कागदावर पाऊण तास पुरते, पण जिने चढत, धापा टाकत, माणूस ओढत काम करणाऱ्याला ती वीस-पंचवीस मिनिटांतच संपत आल्याचे कळते. हवेचा दाब ठरावीक पातळीखाली गेला की यंत्राची शिटी वाजू लागते, आणि ती वाजली की हातातले काम सोडून बाहेर यायचे असते. एकट्याने आत जायचे नसते. जोडीने जायचे, आणि कोण केव्हा आत गेला याची वेळ मोजणारा तिसरा माणूस बाहेर उभा हवा. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो. त्या हवेत हा सगळा पोशाख चढवून, डोळ्यांना काही दिसत नसताना, भिंतीला हात लावून परतीची वाट लक्षात ठेवत पुढे सरकणे हे धैर्याचे काम आहेच, पण धैर्यापेक्षा ते सवयीचे काम आहे. आपल्याकडे फायरमनचा पायाभूत अभ्यासक्रम सहा महिन्यांचा आहे, आणि तो झाल्यावरही केंद्रावर रोज कवायत करावी लागते, ती याच कारणाने.

यावर कोणी म्हणेल की स्वयंसेवकालाही ही सवय लावता येते. येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. चिली देशात अग्निशमन दलांचे जवळपास सगळे काम आजही बिनपगारी स्वयंसेवक करतात. सांतियागो शहरात १८६३ च्या डिसेंबरमध्ये एका चर्चला लागलेल्या आगीत दोन हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्याच महिन्यात तिथल्या नागरिकांनी स्वतःचे दल उभारले. ते दल आजतागायत चालू आहे, त्यातले सदस्य वर्गणीही भरतात. जर्मनीत स्वयंसेवी अग्निशामकांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. तेव्हा स्वयंसेवक म्हणजे हौशी, कच्चा माणूस, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल.

पण ही उदाहरणे देताना त्यांचा अर्धाच भाग सांगितला जातो. जर्मनीत वर्दी, म्हणजे आगीची खबर, आल्यावर स्वयंसेवकाने काम टाकून निघावे यासाठी मालकाने त्याला सोडलेच पाहिजे, त्या वेळेची मजुरी कापता येत नाही, आणि ती मजुरी खासगी मालकाला स्थानिक प्रशासनाकडून परत मिळते, अशी कायद्यात तरतूद आहे. म्हणजे तिथेही आगीवर गेलेल्या माणसाच्या वेळेचे पैसे कोणीतरी भरतेच, फक्त ते वेगळ्या खात्यातून जातात. शिवाय तिथल्या अनेक राज्यांत एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहराला पगारी, व्यावसायिक दल ठेवावेच लागते. स्वयंसेवी पथके मुख्यतः खेड्यापाड्यांची आणि छोट्या गावांची आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूर शहराची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार होती. त्या देशाच्या मापाने आपण स्वयंसेवी दलाच्या गावांत बसतच नाही.

अमेरिकेचा अनुभवही लक्षात घ्यावा असा आहे. तिथे १९८४ मध्ये स्वयंसेवी अग्निशामक सुमारे नऊ लाख होते, २०२० मध्ये ते पावणेसात लाखांच्या आसपास उरले. या काळात देशाची लोकसंख्या आणि दलांकडे येणाऱ्या वर्द्या दोन्ही बऱ्याच वाढल्या. कामाचे ठिकाण घरापासून लांब गेले, प्रशिक्षणाचे तास वाढले, एकाच्या कमाईवर घर चालेनासे झाले. परंपरा दीड-दोन शतकांची असूनही माणसे मिळेनाशी झाली, तर जिथे परंपराच नाही तिथे ती नव्याने उभी राहील असे मानायला आधार काय?

आता हाच प्रश्न सोलापूरच्या पूर्व भागात विचारून पाहावा. यंत्रमागावरच्या कामगाराची मजुरी विणलेल्या मालावर ठरते आणि पाळी पुष्कळदा बारा तासांची असते. भोंगा वाजला म्हणून तो माग बंद करून गेला, तर तेवढा माल कमी आणि तेवढी मजुरी कमी. विडी वळणाऱ्या बाईचा हिशेब हजार विड्यांवर असतो. तिच्या घरात बिनपगारी वेळ नावाची वस्तूच नसते. आगी या माणसांच्या वस्त्यांत आणि कारखान्यांत लागतात, पण स्वयंसेवेला लागणारी फुरसत त्यांच्यापाशी नाही. मग उरतो कोण? दुकानदार आपले दुकान सोडणार नाही. नोकरदार माणूस रजेच्या अर्जावर अडकतो. (ही सूचना सर्वांत उत्साहाने करणारे लोक स्वतःचे नाव यादीत पहिले घालतील की नाही, हा प्रश्न मी इथे विचारत नाही.) उरतात ती पोलीस भरतीची तयारी करत रोज सकाळी मैदानावर धावणारी मुले. ती येतील, मनापासून येतील आणि अंगात दमही असेल. पण ती स्वयंसेवेसाठी येणार नाहीत. प्रमाणपत्र मिळेल, ओळख होईल, पुढेमागे कायम करतील, या आशेने येतील. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. दोष आहे तो ही आशा दाखवून काम करवून घेणाऱ्या व्यवस्थेचा.

आणि ही व्यवस्था आपल्या ओळखीची आहे. होमगार्डची स्थापना डिसेंबर १९४६ मध्ये मुंबई प्रांतात झाली ती स्वयंसेवी नागरिकांचे दल म्हणूनच. आज पंढरीच्या वारीपासून गणपती विसर्जनापर्यंतचा कोणताही बंदोबस्त त्यांच्याशिवाय पार पडत नाही. त्यांच्या संघटना नियमित सेवेच्या मागणीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि २०१५ मध्ये न्यायालयाने निर्देश दिला की तीस दिवसांच्या भत्त्याची बेरीज पोलिसाच्या महिन्याच्या किमान वेतनाइतकी तरी व्हावी, असा दैनंदिन भत्ता त्यांना मिळावा. नियमित सेवेचा हक्क मात्र मान्य झाला नाही, कारण कागदोपत्री ते स्वयंसेवक होते. आशा सेविकांच्या बाबतीतही तेच: नाव स्वयंसेवेचे, काम रोजचे, मोबदल्याला वेतन न म्हणता मानधन म्हणायचे. अग्निशमनात हा पायंडा पडला, तर आज उत्साहाने नाव नोंदवणारी मुले चार-पाच वर्षांनी सोलापुरातल्या आंदोलनांच्या नेहमीच्या जागी, पूनम गेटसमोर, ‘कायम करा’ असा फलक घेऊन बसलेली दिसतील, आणि तोपर्यंत त्यांच्या जिवावर मंजूर पदे रिकामी ठेवण्याची सवय प्रशासनाला लागलेली असेल.

पद रिकामे राहण्यामागे केवळ अनास्था आहे असे म्हणणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. स्थानिक संस्थांचा आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांवरचा खर्च, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत असावा असा राज्याचा दंडक आहे. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर (एलबीटी) गेला, आणि जीएसटीच्या परताव्यावर बसलेल्या महापालिकेचे उत्पन्न वाढत नसताना निवृत्तिवेतनाचा बोजा वाढतच असतो. त्यामुळे ही मर्यादा ओलांडलेल्या शहराला नवी भरती करताना पदोपदी शासनाकडे जावे लागते. या दंडकाच्या दृष्टीने उद्यान विभागातला लिपिक आणि धुरात शिरणारा फायरमन एकाच खात्यात मोडतात. मला हा मुळातला घोळ वाटतो. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांकडे दिली आहे. जबाबदारी दिली तर तिच्यासाठी लागणारी माणसे या मोजणीतून वगळली पाहिजेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना आणली. अशा निधीतून गाड्या येतात, इमारती उभ्या राहतात, उद्‍घाटने होतात. गाडीवर बसणाऱ्या माणसाचा दरमहाचा पगार मात्र त्यातून भागत नाही. नवीकोरी गाडी चालकाअभावी शेडमध्ये उभी राहावी, हे दृश्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही नगरपालिकेला अपरिचित नाही.

पगारी दलाविरुद्धचा खरा आक्षेप वेगळाच असतो आणि तो उघडपणे बोलला जात नाही: हे लोक बहुतांश वेळ बसून असतात. हिशेब करून पाहू. एका गाडीवर चालक आणि प्रमुख धरून किमान सहा माणसे हवीत. तीन पाळ्यांची अठरा झाली, साप्ताहिक सुट्टी, रजा आणि आजारपण धरले की चोवीसच्या आसपास आकडा जातो. एका गाडीसाठी चोवीस पगार, आणि गाडी तर कधी दिवसात एकदाही बाहेर पडत नाही. अंदाजपत्रक पाहणाऱ्याला हे खुपणारच. पण रिकामा वेळ हा त्या कामाचा दोष मानण्याऐवजी त्याचा उपयोग करून घेता येतो. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र मालकाने दर जानेवारीत आणि जुलैत सादर करायचे असते. ही प्रमाणपत्रे खरी आहेत का, भिंतीवर टांगलेल्या सिलिंडरची मुदत संपली आहे का, मागच्या दाराला बाहेरून कुलूप आहे का, वरच्या मजल्यावर कुटुंब किंवा कामगार झोपतात का, हे जाऊन पाहायला अधिकार असलेला आणि उद्या तिथेच वर्दीवर यावे लागणार असलेला माणूस लागतो. रोज दोन शेड पाहिल्या तरी एका केंद्राच्या हद्दीतला बराच भाग वर्षभरात पाहून होतो, आणि पाहणी केलेल्या जवानाला त्या इमारतीचे जिने अंधारातही ठाऊक असतात. हे काम स्वयंसेवकाकडे देता येत नाही, कारण कारखानदाराला नोटीस बजावण्याचा अधिकार त्याला नसतो आणि तो त्याच कारखान्यात मजूर असण्याची शक्यता बरीच असते.

मग स्वयंसेवकाने काय करावे? पुष्कळ काही, आणि ते पगारी दलाला कधीच जमणार नाही असे. गाडी कितीही वेगाने निघाली तरी साखर पेठेच्या किंवा भवानी पेठेच्या बोळात ती पोहोचेपर्यंतची पहिली काही मिनिटे शेजाऱ्याचीच असतात. मेन स्विच पाडणे, आग हातभर असतानाच सिलिंडर वापरणे, आत नेमके किती जण आहेत याची खात्रीची माहिती ठेवणे, दुचाक्या हलवून रस्ता मोकळा करणे, वळणावर उभे राहून गाडीला वाट दाखवणे आणि मोबाइल वर करून चित्रण करणाऱ्या गर्दीला मागे रेटणे, या प्रत्येक गोष्टीने मिनिटे वाचतात. केरळने २०१८ च्या पुरानंतर प्रत्येक अग्निशमन केंद्राला पन्नास स्वयंसेवक जोडण्याची व्यवस्था केली, ती याच समजुतीने. त्या पुरात हजारो माणसे मच्छीमारांनी वाचवली होती, कारण होडी चालवणे हे त्यांचे रोजचे काम होते. पंढरपुरात चंद्रभागेत बुडणाऱ्याला बाहेर काढणारे कोळी बांधव याच न्यायाने उपयोगी पडतात. आपल्या रोजच्या धंद्यात जे हाताला बसले आहे तेच माणूस संकटात बिनचूक करतो. सोलापुरात असे हात कोणाचे आहेत, याचा विचार केला तर उत्तर जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा कारागीर, आणि वायरमन असे येते. प्रत्येक शेडमधल्या जॉबरला वीज कुठून येते, माल कुठे रचला आहे, रात्री आत कोण झोपते हे मालकापेक्षाही अधिक ठाऊक असते. स्वयंसेवक निवडायचे तर ते मैदानावर धावणाऱ्या मुलांतून न निवडता या माणसांतून निवडावेत, आणि त्यांना मालकाच्या संमतीने पगारी वेळेत प्रशिक्षण द्यावे.

गड्ड्याच्या यात्रेचे उदाहरण स्वयंसेवेच्या बाजूने दिले जाते, ते मला उलट्या कारणाने पटते. नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, पेलणारे मानकरी आणि त्यांचे सहकारी यात्रेच्या कितीतरी आधीपासून सराव करतात, कोणाच्या खांद्यावरून कोणाकडे काठी जायची हे ठरलेले असते, आणि बाराबंदी हा यात्रेचा पोशाख घातला म्हणून कोणीही उठून काठीला हात घालत नाही. आगीच्या ठिकाणी नेमके हेच घडत नाही. तिथे प्रत्येक जण काठीला हात घालतो.

एक गोष्ट मात्र पगारी आणि स्वयंसेवी दोघांनाही सारखीच अडवते, ती म्हणजे पाणी. उजनीचे धरण जिल्ह्यात असूनही शहराने वर्षानुवर्षे चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी घेतले. ज्या वाहिनीत आठवड्यातले बहुतेक तास दाब नसतो, तिच्यावर हायड्रंट, म्हणजे आगीसाठीचे नळ, बसवून उपयोग नाही. म्हणून गाडी रिकामी झाली की ती भरायला लांब जाते आणि तेवढ्या वेळात विझत आलेली आग पुन्हा उसळते. औद्योगिक वसाहतीत आणि पूर्व भागात केवळ अग्निशमनासाठी राखीव टाक्या असल्या पाहिजेत, आणि त्यांतले पाणी टंचाईतही दुसऱ्या कशाला वापरता येऊ नये.

करमाळा, मंगळवेढा, कुर्डुवाडी अशा छोट्या गावांचा प्रश्न वेगळा आहे, हे मान्य केले पाहिजे. तिथे एका गाडीमागे चोवीस माणसे ठेवणे नगरपालिकेला खरोखरच झेपणारे नाही. तिथे चालक, पंप चालवणारा आणि प्रमुख एवढे तरी चोवीस तास पगारी ठेवून बाकीचे बोलावल्यावर येणारे असावेत, ही रचना मला वाजवी वाटते. पण तीही दोन अटींवर. वर्दीवर गेलेल्या वेळेची बुडालेली मजुरी नगरपालिकेने भरून द्यावी, आणि नाव नोंदवल्याच्या दिवसापासून स्वयंसेवकाचा अपघाताचा आणि मृत्यूचा विमा असावा. कायम सेवेतला जवान कामावर असताना मरण पावला तर त्याच्या घरातल्या एकाला अनुकंपा तत्त्वावर नोकरी मागता येते आणि कुटुंबाला सेवेचे लाभ मिळतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीतील स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जवान मरण पावले. ते पगारी होते, आणि आजही देशभर त्याच तारखेपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. स्वयंसेवकाच्या घरच्यांना आजच्या व्यवस्थेत कोणाच्या दारात जायचे हेसुद्धा ठरलेले नाही. ते ठरवणारा ठराव आणि त्यासाठीची तरतूद अंदाजपत्रकात आल्याशिवाय कोणत्याही नगरपालिकेने स्वयंसेवी पथकासाठी एकही अर्ज मागवू नये.